माशाच्या तोंडातले नाणे

फ्लॉरेन्सला पोचलो त्या संध्याकाळी पहिला प्रसंग उद्भवला तो पैशाचा. मिलानला वास्तुशास्त्र शिकणारी माझी भाची आम्हां उभयतांना घेऊन आली होती. उतरण्याची जागा म्हणजे तीन जिने चढून गेल्यावर लागणारे एक छोटेसे घरगुती अतिथिगृह. मालकीणबाई सत्तरीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आमचे पासपोर्ट उलटसुलट पाहिले, वहीत नोंद केली आणि दोन बोटे वर करून काहीतरी म्हणाल्या.

"मामा, खोलीचं भाडं वेगळं आणि शहराचा कर वेगळा," भाचीने खुलासा केला. "माणशी, रात्रीमागे. २०११ पासून घेतात."

"कसला कर?"

"इथं मुक्काम करण्याचा."

"मुक्कामाचा कर! झोपण्यावर कर असतो हे आजच ऐकतोय मी."

"अहो, आपल्याकडे यात्रेच्या गावी पूर्वी यात्राकर घेत, तसला समजा आणि द्या," सौभाग्यवतींनी निकाल दिला. मालकीणबाई हसल्या. घाई नव्हती, निघताना दिले तरी चालणार होते.

माझ्या कुरकुरीत एक विसंगती होती आणि ती माझ्या माझ्याच लक्षात आली. एवढा समुद्र ओलांडून मी फ्लॉरेन्सला आलो होतो तो कर भरण्याच्याच एका चित्रासाठी. आणि त्या चित्राची ओढ मला ज्यांच्यामुळे लागली, ते माझे वडील जन्मभर जकात कारकून होते.

नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचा जकात नाका हे माझ्या बाळपणाचे अर्धे अंगण. रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, पत्र्याची खोली, कंदील, वजनकाटा आणि कार्बन घातलेले पावतीपुस्तक. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मराठी शुभवर्तमानात ज्यांना 'जकातदार' म्हटले आहे त्यांची गणना तिथे बहुधा पापी लोकांच्या जोडीने होते. त्यामुळे शब्बाथ शाळेत तो शब्द आला की पोरे माझ्याकडे वळून पाहत आणि खुदुखुदु हसत. मी घरी येऊन रडलो की बाबा म्हणत, "अरे, मत्तयही जकातदारच होता. त्याला प्रभूनं नाक्यावरूनच उठवून नेलं."

मत्तयाच्या पुस्तकातली एक गोष्ट तर त्यांच्या विशेष आवडीची. कफर्णहूम गावात मंदिराची पट्टी गोळा करणारे लोक पेत्राला विचारतात, तुमचा गुरू पट्टी भरतो ना? पेत्र घाईने 'हो' म्हणून बसतो. घरात शिरताच येशू त्याला उलट प्रश्न घालतो : पृथ्वीवरले राजे कर कोणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणतो. म्हणजे मुले मोकळी! देवाच्या घराची पट्टी देवाच्या पुत्राला लागू नाही, हे उघड झाले. तरीही येशू सांगतो की या लोकांना अडखळण नको. तू तळ्यावर जा, गळ टाक, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते तुझ्या-माझ्याबद्दल देऊन टाक. ही गोष्ट चारांपैकी फक्त मत्तयानेच सांगितली आहे. "जकातदाराला जकातीच्याच गोष्टी ध्यानात राहायच्या," असे म्हणून बाबा समाधानाने हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आर्नो नदी ओलांडली. जुन्या पुलावर दुतर्फा सोनारांची दुकाने आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसत. १५९३ साली ग्रँड ड्यूकने त्यांना उठवून सोनार बसवले. सौभाग्यवतींना तिथून पुढे काढण्यात बराच वेळ गेला. पलीकडचा भाग साध्यासुध्या कारागिरांचा. सुतारकामाचा, चामड्याचा वास येणारा. एका मोकळ्या चौकाशी कार्मिने मठाचे चर्च उभे आहे. त्याचे तोंड ओबडधोबड दगडांचेच राहिले आहे. संगमरवर चढवायचा होता, तो कधी चढलाच नाही. आत थोडी माणसे सोडतात आणि तीही ठरावीक वेळ.

बाजूच्या ओवरीतून आपण ब्रांकाच्ची घराण्याच्या प्रार्थनाघरात शिरतो. १७७१ साली हे चर्च आगीत सापडले, पण एवढा कोपरा बचावला. दोनशे वर्षांची काजळी भिंतींवर होती. ती १९८० नंतरच्या दशकात साफ झाली आणि खालचे रंग पुन्हा दिसू लागले. डाव्या भिंतीवर, वरच्या ओळीत, जवळजवळ सहा मीटर रुंदीचे ते चित्र आहे. चित्रकाराचे नाव तोमाझो. पण अजागळ राहणीमुळे लोक त्याला मासाच्चो म्हणत, म्हणजे आपल्याकडचा 'गबाळ्या तोमा'. चित्र काढले तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. १४२८ साली, सत्तावीस वर्षेही पुरी झाली नसताना, रोममध्ये तो वारला.

चित्रात एकाच भिंतीवर तीन घटका घडतात. मधोमध येशू आणि त्याच्याभोवती शिष्यांचे कडे. त्यांच्यापुढे आपल्याकडे पाठ करून वसुली करणारा उभा आहे. त्याचा अंगरखा आखूड, पिंढऱ्या उघड्या, एक हात पसरलेला. येशू तळ्याकडे बोट दाखवतो आणि पेत्राचाही हात त्याच दिशेला गेला आहे. मात्र पेत्राच्या कपाळावरची आठी स्पष्ट दिसते. डावीकडे तोच पेत्र पाण्याकाठी वाकून माशाचे तोंड उघडतो आहे, अगदी लहानसा, कोपऱ्यात. उजवीकडे, एका घराच्या ओट्यापाशी, तोच पेत्र त्या वसुलीवाल्याच्या तळहातावर नाणे ठेवतो आहे. उजेड सारा उजव्या अंगाने येतो, कारण खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. चमत्कार कोपऱ्यात आणि पैशाची देवघेव ठळक, ही वाटणी पाहून मला बाबांची आठवण झाली. त्यांच्या पावतीपुस्तकातही चमत्काराला रकाना नव्हता.

हे चित्र रंगवले जात होते तेव्हा फ्लॉरेन्समध्ये घरोघरी एकच विषय होता : कर. मिलानच्या ड्यूकशी लढाई जुंपली होती, खजिना आटला होता, आणि कर बसवणारे आपल्या गोतावळ्याला सांभाळून घेतात अशी ओरड होती. अखेर १४२७ साली 'कातास्तो' नावाचा कायदा झाला. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली जमीन, व्यापारातला माल, सरकारी कर्जातला हिस्सा, लोकांकडे असलेले येणे, सगळे लिहून द्यायचे. राहते घर आणि स्वतःचे देणे वजा. शिवाय घरातल्या दर माणसामागे दोनशे फ्लोरिन वजा. गंमत म्हणजे त्या कागदांत माणसे मोजली आहेत ती 'तोंडे' म्हणून! आपणही घरातली खाणारी तोंडेच मोजतो की.

सुमारे साठ हजार कुटुंबांची ती दप्तरे आजही शहरात जपून ठेवली आहेत, आणि त्यांत या तोमाचाही कागद आहे. आपले वय २५, धाकटा भाऊ आणि विधवा आई पदरी, घर भाड्याचे, दुकानाचा काही भाग भाड्याचा, आणि खाली देण्यांची यादी. त्यात गहाण टाकलेल्या जिनसांवरचेही देणे. करभरणीचे हे चित्र ज्याने काढले, त्यालाच करापुढे आपल्या दारिद्र्याचा हिशेब द्यावा लागला. पेत्राच्या कपाळावरची ती आठी चित्रकाराला दूर शोधायला जावे लागले नसणार.

त्या शहराचे फ्लोरिन हे सोन्याचे नाणे १२५२ पासूनचे. त्याच्या एका बाजूला कमळासारखे लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घालणाऱ्यांना येशूने विचारले होते की नाण्यावर छाप कोणाची? कैसराची, असे उत्तर आल्यावर कैसराचे त्याचे त्याला परत करा आणि देवाचे देवाला द्या, असे त्याने सांगितले. बाबा यावर एक पुस्ती जोडत. ते म्हणत, नाण्यावर राजाचा छाप, तसा माणसावर देवाचा छाप. राजाने नाणे मागितले तर द्यावे. त्याने माणूसच मागितला, तर मात्र विचारावे, यावर छाप कोणाची?

हे बोलणे मला लहानपणी पटत नसे, त्याला कारण होते. मी दहा वर्षांचा असेन. आमच्या देवळासाठी पुण्याहून बाके आणि एक पेटी ट्रकने आली. पाळकसाहेब स्वतः ट्रकबरोबर होते. मी त्या दिवशी नाक्यावरच होतो.

"बंधू, हे देवाचं काम," पाळकसाहेब म्हणाले. "देवाच्या कामाला जकात कसली?"

"पाळकसाहेब, पावती कोणाच्या नावे लिहू?" एवढेच बाबांनी विचारले.

एकशे बारा रुपये झाले. पाळकसाहेबांजवळ तेवढे नव्हते. बाबांनी पावती फाडली, त्यांच्या हाती दिली आणि स्वतःच्या खिशातून पैसे काढून पेटीत टाकले. त्या महिन्यात शाळेची वेरूळची सहल होती. मी गेलो नाही. रागाने चार दिवस बाबांशी बोललो नाही. माझ्या लेखी ती भित्रेपणाची कमाल होती. ना सरकारला नाही म्हणवले, ना देवळाला.

दोन वर्षांनी याच्या उलट घडले. कोणा बड्या व्यापाऱ्याच्या मालाचे वजन कमी लिहावे असे वरून सुचवण्यात आले. बाबांनी लिहिले नाही. मग सहा महिने गावाबाहेरच्या लांबच्या नाक्यावर रात्रपाळी. या खेपेस मात्र मला त्यांचा अभिमान वाटला. एकच माणूस एकदा भित्रा आणि एकदा शूर कसा, हे कोडे मी मनात घेऊन वाढलो. नगरपालिकांची जकात १९९९ साली उठली, काही वर्षांनी बाबाही गेले, कोडे राहिले.

ते कोडे सुटले त्या प्रार्थनाघरात. भाचीने माझी बाही ओढली. "मामा, समोरच्या भिंतीवर खाली बघा. तोही पेत्रच आहे."

उजव्या भिंतीवरचे खालचे चित्र दुसऱ्या हाताचे. मासाच्चो वारला, पुढे या प्रार्थनाघराचे धनी फेलिचे ब्रांकाच्ची यांचे ग्रह फिरले. १४३४ साली कोसिमो दे मेदिची शहरात परतला आणि त्यानंतर विरोधकांबरोबर त्यांनाही देशोधडीला लागावे लागले. काम अर्धवट पडले. पन्नासएक वर्षांनी फिलिप्पीनो लिप्पीने ते पुरे केले. त्याच्या चित्रात बादशहा नीरो आसनावर बसला आहे, पुढ्यात पेत्र उभा आहे. आणि पलीकडे त्याच पेत्राला उलटे करून क्रुसावर चढवीत आहेत.

मी मान वळवून वर डावीकडे पाहिले, पुन्हा खाली उजवीकडे पाहिले. वर निमूटपणे नाणे देणारा, आणि खाली नीरोपुढे आपला शब्द मागे न घेणारा. माणूस तोच. वर तो घाबरून पैसे देत नव्हता. आपण राजाच्या घरचे, मोकळे आहोत, हे त्याला नुकतेच सांगितले गेले होते. मोकळ्या माणसाला चार पैशांसाठी भांडायचे कारण उरत नाही, आणि प्राणासाठी शब्द फिरवायचेही नाही. सिंहासनावर बसलेल्याच्याही वर कोणी आहे असे ज्याने मनोमन धरले, त्याला कर भरताना कमीपणा वाटत नाही आणि नकार देताना भीती वाटत नाही. पौलाने रोमच्या मंडळीला कर भरा म्हणून लिहिले तेव्हाही गादीवर हा नीरोच होता.

बाबांनी पाळकसाहेबांची जकात भरली ती याच मोकळेपणाने, आणि वजन कमी लिहिले नाही तेही याच मोकळेपणाने. माशाच्या तोंडातले नाणे दोघांपुरते होते. बाबांच्या खिशातले एकशे बारा रुपयेही तसेच दुसऱ्यासाठी होते. माझी वेरूळची सहल त्यात गेली हे खरे. पण बाबांचीही त्या महिन्याची विडी-काडी, चहा गेलाच असेल. ते माझ्या तेव्हा ध्यानात आले नव्हते.

वेळ संपल्याची खूण झाली. बाहेर चौकात ऊन पडले होते. "डोळ्यांत काही गेलं का हो?" असे सौभाग्यवतींनी विचारले. मी काजळीचे निमित्त सांगितले. काजळी साफ होऊन पस्तीस वर्षे झाली आहेत, हे भाचीने तेवढ्यातही सांगितलेच.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना मी मालकीणबाईंपुढे न मागता मुक्कामाचा कर मोजून ठेवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग मी पावती मागितली.

"मामा, एवढ्याशा पैशांची पावती कशाला?" भाची म्हणाली.

मालकीणबाईंनी खणातून पावतीपुस्तक काढले, सावकाश लिहिले आणि कागद फाडून दिला. तो फाटण्याचा आवाज मला चांगला ओळखीचा होता. ती पावती आता बाबांच्या जुन्या पवित्र शास्त्रात आहे, मत्तयाच्या सतराव्या अध्यायापाशी. तिथे आधीच एक जीर्ण, निळ्या कार्बनची पावती होती. एकशे बारा रुपयांची. ती त्यांनी जपून ठेवली होती, हे मला घरी आल्यावर कळले.