ज्येष्ठमध, गुंज आणि घाटघरचा हिरडा

बाळगुटीच्या सहाणेवर ज्येष्ठमध आणि हिरडा एकामागोमाग उगाळले जातात. मी आयुर्वेदातला द्रव्यगुण हा विषय शिकवतो, त्यामुळे ही दोन्ही द्रव्यं कुठून आली हा प्रश्न मला नेहमी पडतो. हिरडा जुन्नरच्या पश्चिमेकडचा, अगदी घाटघरचाही असू शकतो. ज्येष्ठमध मात्र तिथला कधीच नसतो. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया अशा कोरड्या मुलखांतल्या खोल, रेताड जमिनीत ही वनस्पती वाढते आणि तीन-चार वर्षांनी तिची मुळं खणून काढतात. आपल्याकडे हरियाणा-पंजाबच्या बाजूला तिची थोडी लागवड होते, तरी भारतातला बराचसा ज्येष्ठमध आजही बाहेरून येतो. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसात, कातळावरच्या वीतभर मातीत त्याची मुळं कुजून जातील.

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जीवधनच्या पायथ्याचं गाव. भंडारदऱ्याजवळचं घाटघर वेगळं. वनस्पती ओळखायला मी विद्यार्थ्यांना इथे नेतो. अशाच एका फेरीत एका घराच्या पडवीत मुळांचा भारा दिसला. बोटाएवढी जाड, वाकडीतिकडी, तपकिरी मुळं. घरच्या आजींना विचारलं, "आजी, हे कशाचं?"

"जेठीमध हाये. यापारी घेतो म्हनला."

मी एक तुकडा तोंडात टाकला. आधी उग्र, कडवट लागला आणि मागाहून जिभेवर जरासा गोडवा आला. ती गुंजेची मुळं होती.

इथली गफलत समजण्यासारखी आहे. गुंजेचा पाला खरोखर गोड असतो, विड्यात घालून खातात आणि आवाज बसला तर चघळतात. त्या पानांत ॲब्रुसोसाइड नावाची, साखरेच्या कितीतरी पट गोड द्रव्यं असतात. इंग्रजांनी तर गुंजेला 'इंडियन लिकोरिस' असंच नाव दिलं. पण त्याच वेलीच्या लाल-काळ्या बीत ॲब्रिन हे भयंकर विष असतं. ते पेशींमधली प्रथिनं तयार होण्याची क्रियाच बंद पाडतं. अख्खी बी गिळली गेली तर कठीण टरफलामुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते, फोडलेली किंवा चावलेली बी मात्र जीव घेऊ शकते. आयुर्वेदाने गुंजेला धोतरा, कण्हेर, अफू यांच्याबरोबर उपविषांत बसवलं, ते उगीच नाही. या वेलीचं मूळ ज्येष्ठमध म्हणून बाजारात जाणं मला मुळीच मान्य नाही. घेणाऱ्याला औषध मिळत नाही, विकणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतात आणि मूळ खणल्यावर वेल कायमची जाते. आजींना मी हे सांगितलं. त्यांनी भारा बाजूला सारला आणि विचारलं, "मंग खऱ्याची पारख काय?"

पारख अवघड नाही. खरी कांडी बाहेरून तपकिरी, लांबीत सुरकुतलेली असते. मोडली की आत पिवळी आणि धागेदार दिसते. चव पहिल्यापासून गोड लागते आणि तो गोडवा रेंगाळतो. चूर्ण पाण्यात टाकून बाटली हलवली तर फेस येतो, कारण त्यातलं मुख्य द्रव्य, ग्लिसिरायझिन, साबणासारखं फेसाळणारं आहे. ते साखरेच्या सुमारे पन्नास पट गोड असतं. म्हणून मी कायम सांगतो, चूर्णाची पुडी आणू नका, कांडी आणा आणि घरी कुटा.

चरकाने ज्येष्ठमधाला किती ठिकाणी घेतलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. आवाजाला हितकर कंठ्य गणात तो आहे. जीवनीय गणात आहे, तुटलेलं सांधणाऱ्या संधानीय गणात आहे, कांती सुधारणाऱ्या वर्ण्य गणातही आहे. बुद्धीसाठी सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण येतं. रस मधुर, वीर्य शीत, गुण गुरू आणि स्निग्ध, म्हणून वात आणि पित्त दोन्ही शमवणारा. मला स्वतःला सगळ्यांत भावते ती सुश्रुताची सूचना. शस्त्रकर्मानंतर जखमेची वेदना शमवायला ज्येष्ठमध घालून सिद्ध केलेलं कोमट तूप तिच्यावर सोडावं, असं तो सांगतो. गुदमार्गाच्या चिरेवर यष्टिमधु घृत, म्हणजे ज्येष्ठमधाचं तूप, आम्ही आजही वापरतो, आणि पहिल्या काही दिवसांत आग कमी झाल्याचं रुग्ण आपणहून सांगतात.

घशाच्या बाबतीत आधुनिक पुरावाही चांगला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालतात, त्यामुळे नंतर घसा दुखतो. २००९मध्ये लखनौच्या डॉक्टरांनी भूल देण्याआधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध ३० मिलिलिटर पाण्यात घालून रुग्णांना गुळण्या करायला लावल्या, आणि घसादुखी स्पष्टपणे कमी आढळली. तो अभ्यास ४० रुग्णांचा, लहान होता. २०१३मध्ये व्हिएन्नात २३६ रुग्णांवर तसाच प्रयोग झाला आणि तसाच निष्कर्ष निघाला. गिळायचंही नाही, नुसत्या गुळण्या! दिवाळीत फटाक्यांच्या धुराने घसा धरतो तेव्हा घरी हेच करावं. ज्येष्ठमधाच्या वर्ण्य गुणालाही आधुनिक आधार आहे. मुळातलं ग्लॅब्रिडिन त्वचेचा काळा रंग बनवणाऱ्या विकराला अडवतं.

पोटाच्या व्रणाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९४६मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रणाचे रुग्ण सुधारत असल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्यांच्याच लक्षात आलं की काहींच्या अंगावर सूज चढते. पुढे ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधापासूनच कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचं औषध बनलं, आणि त्याचाही त्रास तोच निघाला. कारण मूत्रपिंडात आहे. तिथे एक विकर शरीरातल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतं. ग्लिसिरायझिनपासून पोटात तयार होणारं द्रव्य या विकराला रोखतं. मग कॉर्टिसोल अल्डोस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम करू लागतं, मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब वाढतो, स्नायू गळून जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत रोज ज्येष्ठमधाच्या मिठाईची पाकिटं खाणारा ५४ वर्षांचा माणूस याच कारणाने गेला. त्याची हकीकत २०२०मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

"आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही" हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली आहे. उत्तम मुळात ते चार टक्के किंवा त्याहून अधिक असतं, म्हणजे तीन ग्रॅम चूर्णातच १२० मिलिग्रॅम झालं. वैद्य तीन ग्रॅम देतात ते आजार पाहून, ठरावीक दिवस, आणि मध्ये तपासून. तेच चूर्ण कुणाच्या सांगण्यावरून वर्षभर रोज दुधातून घेणं हा उपचार नाही. गरोदरपणाबद्दलही बोललं पाहिजे. सुश्रुताच्या मासानुमासिक योगांत पहिल्याच महिन्यात ज्येष्ठमध आहे, पण तो इतर द्रव्यांसह, मोजून. फिनलंडमध्ये गरोदरपणी ज्येष्ठमधाची मिठाई भरपूर खाल्लेल्या स्त्रियांच्या मुलांच्या आकलनावर परिणाम दिसला आणि तिथल्या आरोग्य संस्थेने ती टाळायला सांगितलं. मी गरोदर स्त्रीला स्वतःच्या मनाने ज्येष्ठमध घेऊ देत नाही.

आणि घाटघर? त्या डोंगरांचं खरं औषध हिरडाच. भावप्रकाश निघंटूच्या पहिल्या वर्गाला हिरड्याचंच नाव आहे, हरीतक्यादी वर्ग, आणि ज्येष्ठमधही त्याच वर्गात येतो. खारट सोडून पाचही रस हिरड्यात सांगितले आहेत. जुन्नर-आंबेगावातली महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात अठळी धरण्याआधीचा कोवळा बाळहिरडा उंच झाडांवरून काढतात, वाळवतात आणि विकतात. बऱ्याच घरांचं पावसाळ्याआधीचं रोख उत्पन्न तेवढंच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली कितीतरी जुनी झाडं आडवी केली. हिरडा फळावर यायला वर्षानुवर्षं लागतात. लागवड करायचीच तर तिथे हिरड्याची करावी, असं मी वनखात्याच्या आणि महाविद्यालयांच्या प्रत्येक बैठकीत म्हणत आलो आहे. ज्येष्ठमधाची रोपं वाटण्याचे कार्यक्रम या पावसाच्या मुलखात पैसा आणि श्रम वाया घालवतील.

नाणेघाट पाहायला जाल तेव्हा गुंजेची वेल उपटू नका आणि तिच्या बिया मुलांच्या हाती देऊ नका. घाटघरच्या बायाबापड्यांकडून हिरडा घ्या, पण भावात घासाघीस करू नका. आणि घरात कुणाला रक्तदाबाची, लघवी होण्याची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना त्यात ज्येष्ठमधाचं नावही सांगा.