सडा: कोकणातला अबोल यजमान

कोकणात चार दिवस निवांत राहायला येणारी माणसं उतरल्या उतरल्या समुद्राकडे धावतात. त्यांना आज दुसऱ्या एका बड्या असामीची ओळख करून द्यायची आहे. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत राजापूरच्या दिशेने निघालात की खाडी ओलांडून रस्ता घाटी चढतो आणि गाडी एकदम सपाटीवर येते. माड-पोफळी मागे राहतात, काळपट तांबडा कातळ नजर पोचेल तिथवर पसरतो. गाडीतलं कुणीतरी विचारतं, “इथे काहीच नाही का?” हा तो. सडा.

त्याला पहिल्या भेटीत कुणावर छाप पाडायची हौस नाही. सावली देत नाही, बसायला खुर्ची देत नाही, पायवाटसुद्धा धड दाखवत नाही. अंगाने खडबडीत, बोलायला कमी. पण त्याच्या पोटातला जांभा पाहा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने सरळ चिरा कापून घेता येतो. हवा लागली की कडक होत जातो. खालच्या गावातली घरं, देवळांची जोती, विहिरींचे काठ, वाडीवाडीचे गडगे, सगळे याच्याच अंगाचे. गाव त्याला ओसाड म्हणतं आणि त्याच्याच भिंतींना पाठ टेकून म्हणतं.

स्वभावाने तापट. मे महिन्यात अकरा वाजल्यानंतर त्याच्याकडे जाऊ नये, तो कुणालाही उभं करत नाही. त्याच्या या तापलेल्या अंगावर संसार मांडायची हिंमत टिटवीची. घरटं असं नाहीच. चार खड्यांच्या मध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी. तुम्ही नकळत जवळ गेलात की ती डोक्यावर घिरट्या घालत असा कालवा करते की सड्याने तिला राखणीला ठेवलंय असं वाटावं. दुसरी हिंमत आंबा बागायतदारांची. त्यांनी सुरुंग लावून कातळात खड्डे फोडले, खालून माती आणून भरली आणि कलमं जगवली. कातळावरच्या हापूसची गोडी वेगळी, हे ते छातीवर हात ठेवून सांगतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पडवीत बसून एक फळ खाल्लं की मलाही ते पटतं.

पाऊस आला की हा रूक्ष गृहस्थ नटायला लागतो, आणि मग त्याच्या नटण्याला धरबंध राहत नाही. आधी दीपकाडीची पांढरी फुलं. ही कोकणच्या कातळावर वाढणारी, जगात इतरत्र नैसर्गिकपणे न आढळणारी वनस्पती आहे, आणि सडा तिला अगदी सहज, गवताच्या पात्यांतून वर काढतो. श्रावण-भाद्रपदात गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी. दर पंधरवड्याला रंग बदलतो. साताऱ्याचं कास 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तिथे आता गर्दी आवरावी लागते. आमचा सडा त्याच तोडीचा थाट करतो आणि प्रेक्षक म्हणून त्याला चार म्हशी पुरतात.

या फुलांच्या नाजूकपणावर जाऊ नका. सीतेची आसवं कीटक खातात. शेजारी दवबिंदू नावाचं चिमुकलं झाड असतं, तेही शिकारी. पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकला की संपला. सड्यावरची माती वीतभरसुद्धा नाही, नत्र जवळपास नाही, मग पोट कशावर भरणार? ज्याच्या घरी वाढायला काही नसतं त्याचे पाहुणे आपापली सोय करतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र तो छुपा दाता आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेतो. थोडा डबक्यांत खेळवतो, थोडा पऱ्ह्यांतून खाली सोडतो आणि बाकीचा जांभ्याच्या छिद्रांतून, भेगांतून मुरवत नेतो. हे मुरलेलं पाणी उताराच्या पायथ्याशी झऱ्यातून फुटतं, वाडीच्या विहिरीत उतरतं. मिरगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर खालच्या वहाळात चढणीचे मासे येतात, त्या रात्री गावभर कालवणाचा वास सुटतो. वर गेलेलं कुणी नसतं, पण माशांना बोलावणं वरूनच गेलेलं असतं.

गुपितं राखण्यात याचा हात कुणी धरणार नाही. अंगावर हत्ती, वाघ, मासे, माणसं आणि गूढ चौकोनी आकृत्या कोरून घेतल्या आणि मातीच्या थराखाली झाकून ठेवल्या. त्यात गेंडासुद्धा आहे, जो आज कोकणात औषधाला नाही. गुराख्यांना काही चित्रं ठाऊक होती; रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव विचारत, सडे तुडवत फिरले तेव्हा बाकीची उघड झाली. कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे. त्याच्या पायाशी उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसते चर दिसतात. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. देवाचे गोठणे इथे तर त्याने आणखी एक खोडी करून ठेवली आहे. कातळशिल्पाजवळ होकायंत्र ठेवा, सुई भलतीच दिशा दाखवते.

म्हणून याच्याकडे एकट्याने, घाईने जाऊ नये. पावसात धुकं उतरलं की शहाणासुरता माणूसही सपाटीवर गोल फिरत राहतो. वाडीतल्या एखाद्या गुराखी आजोबांना बरोबर घ्या. ते तासाला फार अंतर कापत नाहीत. मध्येच थांबतात, फोडशी या रानभाजीची जुडी खुडतात, पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही ते सांगतात, कोरीव चित्राशी आलं की चपला काढतात. तुम्हीही काढा. दोन-तीन तास असं रमतगमत चालून खाली उतरलात की मुक्कामाच्या घरच्या काकूंनी त्याच फोडशीची डाळ घालून भाजी केलेली असते. तांदळाची गरम भाकरी, कुळथाची पिठी, पोह्याचा पापड, वाटीत सोलकढी. पिठी भातावर वाढून घ्या आणि दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

या माणसाचं एकच दुःख मला खरोखर टोचतं. कागदोपत्री तो पडीक. पडीक म्हटलं की कुणीही यावं, खणावं, सपाट करावं. चिऱ्याच्या खाणी त्याला पोखरतात, रस्ते चित्रांवरून जातात. बारसूच्या सड्याचं नाव राज्यभर पोचलं ते 2023 मध्ये, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात. त्याआधी त्याच्या अंगावर काय कोरलंय हे फार थोड्यांना माहीत होतं. विहिरीला पाणी कुठून येतं हे ज्याला कळतं, त्याने तरी त्याला ओसाड म्हणू नये.

गौरी मात्र त्याला विसरत नाहीत. भाद्रपदात घरोघरच्या बायका तेरडा आणायला सड्यावर निघतात, तेरड्याची गौर घरात येते, गणपतीच्या माटवीला कवंडळं आणि कांगण्या बांधल्या जातात. काही घरांत गौर घावन-घाटलं जेवते, काही घरांत तिला तिखटाचाच नैवेद्य लागतो. त्या दिवसांत मुंबईकर गावात मावत नाहीत आणि गाडीत जागा मिळत नाही. तुम्ही अनंत चतुर्दशीनंतर या. घरं रिकामी झालेली असतात, फुलं अजून असतात, आणि काकूंना घावण्यांसोबत नारळाचा रस काढायला वेळ असतो.