डाव्या मेंदूची मुलं, उजव्या मेंदूची मुलं

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघनिवडीआधी मी मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेत असे. हिशेब, क्रम, नियम आवडणारा तो डाव्या मेंदूचा. चित्र, सूर, कल्पना यांत रमणारा तो उजव्या. डाव्यांना सर्व्हिसचे टप्पे फळ्यावर लिहून द्यायचे, उजव्यांना नुसतं करून दाखवायचं. आमच्या विषयाला शास्त्राचा टिळा लागला की आम्हा क्रीडाशिक्षकांना बरं वाटतं. मलाही वाटायचं.

ही समजूत सुटायला वेळ लागला, कारण तिचं मूळ खोटं नाही. रॉजर स्पेरी यांनी अपस्माराचे असे रुग्ण अभ्यासले, ज्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेनं कापलेला होता. १९८१चं नोबेल त्यांना मिळालं. बहुतेकांची भाषा डाव्या गोलार्धात असते, हेही खरं. पण माझ्या मुलांचे पट्टे शाबूत होते! २०१३ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वयाच्या हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त चालतात, हे दिसलं. मात्र एकच बाजू एकूण वरचढ असलेला माणसांचा वेगळा प्रकार काही सापडला नाही.

खरं तर हे वाचण्याआधीच मैदानावर शंका आली होती. सेटरकडे बघा. पास कसा येतोय, समोरचा ब्लॉकर कुठे सरकलाय, आपला कोणता स्मॅशर मोकळा आहे, हे सगळं चेंडू बोटांना लागायच्या आत ठरतं. यातला हिशेब कुठला आणि कल्पना कुठली, काढून दाखवा. माझी सगळ्यात चांगली सेटर ‘उजव्या’ यादीत होती आणि रोटेशनची चूक तीच आधी पकडायची.

आता मी यादी करत नाही, बोलणं बदललंय. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसवरच प्रयोग केला होता. खांदा-मनगटाबद्दल सूचना देण्याऐवजी चेंडूनं काय करायचं ते सांगितलं, तर नवशिक्यांची आणि जाणत्यांचीही सर्व्हिस अधिक नेमकी पडली. त्यामुळे ‘कोपर वर’ असं ओरडायची माझी जुनी सवय मी प्रयत्नानं आवरतो. पूर्ण सुटलेली नाही.

हाताचं मात्र वेगळं. डावखुरा मिळाला की आजही मी त्याला दोन नंबरला उभा करतो. सेटरकडून आलेला चेंडू तिथे त्याच्या मारत्या हाताला आधी मिळतो, उजव्याला चार नंबरला मिळतो तसा. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही.

मुलांना मात्र ती हवी असते. ‘सर, माझा उजवा मेंदू, मला रोटेशन लक्षात राहत नाही,’ असं एकानं परवाच सांगितलं. त्याला मी सहाही जागांवरून फिरवला, दोनदा.