जन्मपत्रिका आणि जन्मदाखला

आपल्या घरांत जन्मपत्रिका जपून देवघरात ठेवावयाची आणि जन्माचा दाखला मात्र जुन्या पावत्यांत पडू द्यावयाचा, अशी रीत दिसते. पत्रिकेत तिथी, नक्षत्र, घटी, पळे सर्व काही असते; परंतु सरकारदरबारी तिचे प्रामाण्य चालत नाही.

आमची धाकटी भगिनी परदेशी मुलाकडे कायमची राहावयास निघाली, तेव्हा तेथील सरकारने जन्मदाखला मागितला. घरची प्रत वाळवीने केव्हाच फस्त केली होती. पुतण्याने गावी जाऊन १९६२ सालची वही धुंडाळली, नोंद नाही. तेव्हा आमच्या वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "अरे, बाळंतपण माहेरी झाले, नोंद सासरी कशी सापडेल?" जन्म जेथे होतो तेथेच त्याची नोंद होते, हा नियमच आहे. माहेरी बाळंतपणाची चाल असलेल्या आपल्या समाजाने तो विशेष ध्यानात ठेवावा.

आजोळच्या जुन्या दप्तरात ती ओळ मिळाली. तीत वडिलांचे नाव होते, तारीख होती आणि पुढे केवळ 'मुलगी' एवढाच शब्द. बारशापूर्वीच वर्दी गेली, तर नाव कोठून येणार? भगिनी म्हणाली, "दादा, म्हणजे साठ वर्षे मी बिननावाचीच होते म्हणावयाची!" ती हसली खरी, पण तिचा स्वर ओला होता.

शिवाय पत्रिकेत बुधवार आणि वहीत गुरुवार! जन्म पहाटे तीनचा. पंचांगाचा वार सूर्योदयापासून मोजतात, इंग्रजी तारीख मध्यरात्री पालटते. तेव्हा दोन्ही लेख खरेच. शाळेतील तारीख वहीशी जुळत होती, म्हणून तो प्रश्न तेथेच मिटला. नावासाठी मात्र शाळेचा दाखला व प्रतिज्ञापत्र जोडून, शासनाने दिलेल्या वाढीव मुदतीत अर्ज करावा लागला. नाव असलेला दाखला हाती आला, तेव्हा तिने तो दोनदा मोठ्याने वाचला.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. हरवलेला दाखला म्हणजे हरवलेली नोंद नव्हे. मूळ लेख निबंधकाच्या वहीत राहतो; वर्ष, स्थळ व आईबापांची नावे सांगून, अल्प शुल्क भरून त्याचा उतारा पुन्हा मिळतो. शहरात नगरपालिकेकडे व खेड्यात ग्रामपंचायतीकडे जावे. नोंद सापडलीच नाही, तर अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा. विलंबाच्या नोंदणीस तोच आधार होतो. चूक दुरुस्त करताना मूळ अक्षर खोडीत नाहीत, समासात टीप देतात. जुन्या पोथ्यांच्या शोधनाची आठवण व्हावी अशी ही पद्धत आम्हांस फार आवडली.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांस तर शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी इत्यादी कामी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागावयाचा आहे. बारसे झाले की पाळण्यातले नाव वहीतही चढवावे. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत त्यास शुल्क नाही. मुलीच्या बाबतीत तर हे मुळीच लांबवू नये. सासरी तिचे आडनाव पालटेल, क्वचित नावही पालटेल. परंतु आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव कोठे तरी एका ओळीत अक्षय राहील.