‘इनफ’ आणि ‘पुरे’

यंदा आठवीच्या वर्गांत मीं भाषांतरासाठीं दोन लहानशीं वाक्यें फळ्यावर लिहिलीं: ‘भात पुरे’ आणि ‘भात पुरेल’. बहुतेकांनीं दोन्हीं ठिकाणीं ‘इनफ’ हा एकच शब्द योजिला. दोघांतिघांनीं, शब्द लांब तितके गुण अधिक या समजुतीनें, ‘सफिशंट’ लिहिला. (हा लॅटिनमधून आलेला पाहुणा, ‘इनफ’ मात्र इंग्रजांच्या घरचाच.) इतक्यांत उत्तनची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, पहिलें वाक्य जेवणारा म्हणतो, दुसरें वाढणारी. शब्द एकच, तर वाढायचें कीं थांबायचें, हें कळावें कसें?”

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न मार्मिक होता. ‘इनफ’ हा शब्द नामाच्या आधीं येतो, विशेषणाच्या मागून येतो, आणि ‘थांबा’ म्हणावयाचें झाल्यास एकटाही उभा राहतो. पण तो क्रियापद नव्हे. आपलें ‘पुरे’ हें ‘पुरणें’ या क्रियापदाचें रूप आहे, म्हणून त्यास काळ आहे: पुरला, पुरतो, पुरेल. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, आणि कँडीसाहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. दोहोंचा मला फार उपयोग होतो. परंतु ताटावर कोण बसलें आहे, हें कोणत्या कोशांत सांपडणार? “इंग्रज माणूस बोलण्याच्या स्वरावरून ओळखतो,” असें मीं उत्तर दिलें. तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. माझेंही झालें नव्हतें.

माझी आई भाईंदरच्या मिठागरांत पाट्या वाहावयास जात असे. पाऊस लागला कीं तें काम थांबे, आणि आमचें भाताचें मडकेंही हलकें होई. आम्ही चार भावंडें. आमचीं ताटें वाढून झालीं म्हणजे ती मडक्याचा तळ खरवडून घेई, त्यावर कालवण ओती आणि म्हणे, “मला एवढें पुरे.” शाळेंत ‘इनफ’ वापरून वाक्य करावयास सांगितलें, तेव्हां मीं हेंच लिहिलें, कीं माझ्या आईला भात इनफ आहे. शिक्षकांनीं बरोबरची खूण केली. व्याकरणानें तें बरोबरच होतें.

वही मीं मोठ्या ऐटीनें आईस दाखविली. तिला इंग्रजी येत नव्हतें, म्हणून अर्थ सांगितला. ती क्षणभर त्या खुणेकडे पाहत राहिली. मग वही मिटून माझ्या हातीं देत तिनें विचारलें, “तुला पुरला ना रे?”