बावन्न, चाळीस, सात

गेल्या पावसाळ्यात माझ्या सायकलला एक खोड लागली. तिला फक्त सरळ जायचं असायचं. हँडल जरा वळवलं की बारीकसा अडथळा ओलांडल्यासारखं व्हायचं आणि परत मध्ये आणलं की ते टक् करून खोबणीत बसायचं. आता तुम्ही म्हणाल, सरळ जातेय तर जाऊ दे की! पण सायकलचा तोल राहतो तोच मुळी हँडलच्या बारीक बारीक हालचालींवर. आपल्याला कळतही नाही इतकं आपण ते डावी-उजवीकडे हलवत असतो. त्या हालचाली अडायला लागल्या की सायकल भेलकांडते. त्यात पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली तर फोर्कच्या मुळाशी किंचित खडखड. म्हणजे हेडसेटचं बेअरिंग गेलं. इथपर्यंत निदान बरोबर होतं. पुढचं सगळं चुकलं, म्हणून तर हा लेख.

लहानपणी हे काम फार सोपं होतं. आमच्या निगडीच्या जुन्या घरामागे एक सायकलवाले काका बसायचे. हँडल घट्ट झालं की ते फोर्क खाली ओढून काढायचे, जुने छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकायचे, कपात बोटभर ग्रीस भरायचे आणि त्यात नवे छर्रे एकाशेजारी एक चिकटवत जायचे. वर्तुळ गच्च भरलं की एक छर्रा काढून टाकायचा, म्हणजे बाकीच्यांना फिरायला जागा राहते. जुन्या काळ्या सायकलींत हे छर्रे बहुतेक ५/३२ इंचाचे, म्हणजे चार मिलिमीटरला जरासे कमी. काकांना हा आकडा माहीत होता की नाही कोण जाणे. त्यांच्याकडे डबा होता, त्यातून ते बरोबर छर्रे काढायचे.

माझी आत्ताची सायकल मात्र रोड बाईक. सेकंड हँड घेतलेली. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क. यात सुटे छर्रे नाहीत, वर एक आणि खाली एक अशी दोन सीलबंद बेअरिंग. वरचं लहान, खालचं मोठं. पुढच्या चाकाचं पाणी आणि चिखल उडतो तो खालच्यावर, त्यामुळे आधी मरतं ते खालचंच. माझंही तेच मेलं होतं. बाहेर काढलं तर तपकिरी चिखलाची चकती. एका दुकानात दाखवलं. तो मुलगा म्हणाला, "बेअरिंग सुटं नाही मिळणार, पूर्ण हेडसेट बदला." आता मी पडलो मेकॅनिकल इंजिनिअर (नोकरी हिंजवडीत जावाची, पण डिग्री मेकॅनिकलची). मी कशाला ऐकतोय!

घरी येऊन बॅटरीवाल्या डिजिटल कॅलिपरने मापं घेतली. बाहेरचा व्यास ५२ मिमी, आतला ४०, उंची ७. ही मापं घेऊन थेट नाना पेठेतलं बेअरिंगचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या काकांनी वर न बघता विचारलं, "नंबर?" म्हटलं नंबर पुसला गेलाय, मापं सांगतो. बावन्न, चाळीस, सात. काकांनी दोन सेकंदांत एक खोका समोर ठेवला. ६८०८. मला एकदम थर्ड इयर आठवलं. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला व्यास. आठ पंचे चाळीस. बाहेरून ५२, जाडी ७. अगदी तंतोतंत!

खोका उघडला आणि तोंडाचा आ झाला. मापं तीच, पण बेअरिंग वेगळंच. याच्या कडा चौकोनी. माझ्या जुन्या बेअरिंगच्या कडा तिरक्या तासलेल्या होत्या, आत खालच्या बाजूला आणि बाहेर वरच्या बाजूला. ते असणारच. ६८०८ हे शाफ्टवर आडवा भार घेणारं साधं बेअरिंग. हेडसेटला मात्र खालून वर येणारे दणके घ्यायचे असतात, म्हणून त्याचं बेअरिंग उताराच्या बैठकीवर पाचरीसारखं बसतं. काकांना धन्यवाद म्हणून निघालो. (तेही वर न बघता "बरं" म्हणाले.)

मग इंटरनेट. सायकलच्या बेअरिंगवर मापांच्या पुढे दोन कोनही लिहिलेले असतात, हे तिथे कळलं. पहिला आतल्या बाजूच्या उताराचा, म्हणजे फोर्ककडचा. दुसरा बाहेरच्या, म्हणजे फ्रेमकडचा. माझ्या जुन्या बेअरिंगवर गंजातून जेमतेम एवढंच वाचता येत होतं: "×४५". एका साइटवर ५२, ४०, ७ आणि ३६×४५ असं बेअरिंग दिसलं. शेवट जुळतोय, मापं जुळतायत, झालं! ऑर्डर टाकली. रोज कोडमध्ये दुसऱ्यांच्या अशा चुका पकडायचे पैसे घेतो मी. अर्धी स्ट्रिंग जुळली म्हणून पूर्ण जुळली असं धरायचं नाही, हे ज्युनिअर पोरांना मीच सांगतो..

बेअरिंग आलं, फ्रेममध्ये टप्पकन बसलं. हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं. शनिवारी पहाटे जुन्या हायवेने लोणावळ्याला निघालो. जाताना सगळं छान. येताना कामशेतच्या खिंडीतून उतरत होतो, समोर एक टेम्पो हळू झाला म्हणून पुढचा ब्रेक दाबला, आणि हाताखाली खाडकन काहीतरी सरकलं. पडलो नाही. पण उतारावर, ओल्या रस्त्यावर, फोर्क फ्रेमपासून वेगळा हलतोय असं वाटणं काय असतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. पायथ्याशी थांबलो, स्टेम सैल करून वरचा बोल्ट आवळला, पुन्हा स्टेम घट्ट केला. दहा किलोमीटरवर परत खडखड. परत आवळलं. तळेगावच्या पुढे परत. मग उरलेला रस्ता मागच्या एकट्या ब्रेकवर, जवळजवळ चालण्याच्या वेगाने आलो.

घरी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून सगळं उघडून बसलो. आई भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "काय बसत नाहीये?"

मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं. मापं बरोबर आहेत पण सारखं सैल होतंय.

"कशाने मोजलंस?"

कॅलिपर दाखवला. तिने तो हातात घेतला, बंद केला, आकडा बघितला. ०.०६. "हा तर मिटलेला असतानाच सहा पॉइंट जास्त दाखवतोय," असं म्हणून उठली आणि शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक स्टीलचा व्हर्नियर घेऊन आली.

इथे जरा मागे जायला हवं. आई भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होती. नऊ वर्षं. मी पाचवीत असताना आजी अंथरुणाला खिळली आणि आईने नोकरी सोडली. निरोपाला मालकांनी एक स्टीलचा डबा आणि हा जुना व्हर्नियर दिला होता. डबा आमच्याकडे लाडवांचा म्हणून प्रसिद्ध आहे. व्हर्नियर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

तिने चष्मा कपाळावर सरकवून (तिला जवळचं बिनचष्म्याचं दिसतं) जुनं आणि नवं दोन्ही मोजलं. प्रत्येक माप दोन ठिकाणी, नव्वद अंशात फिरवून. "दोन्ही सारखी आहेत. माप बरोबरच घेतलंयस." मग बेअरिंग आडवं धरून म्हणाली, "पण हे टेकतंय कुठे ते बघितलंस का? चॅम्फर बघ ना."

फोर्क घेतला. या फोर्कला खालच्या बेअरिंगची बैठक वेगळी बसवलेली नाही, कार्बनमध्येच घडवलेली आहे. आईने आतून काजळाची डबी आणली, मशीनच्या तेलाचा एक थेंब त्यात मिसळला आणि बोटाने त्या बैठकीवर अगदी पातळ थर दिला. "कंपनीत निळा रंग असायचा याला. काजळही चालतं." जुनं बेअरिंग रॉकेलने पुसून वर ठेवलं, दाबून अर्धा वळसा फिरवलं, उचललं. आतल्या उतारावर सगळीकडे सारखा काळा पट्टा. मग बैठक पुसून परत काजळ, आणि नवं बेअरिंग. उचललं तर कडेला फक्त केसाएवढी काळी रेघ. बाकी सगळं कोरं.

म्हणजे माझं नवं बेअरिंग बैठकीवर बसतच नव्हतं, एका धारेवर उभं होतं. फ्रेमच्या बाजूचा ४५ जुळत होता म्हणून टप्पकन बसलं आणि मी फसलो. फोर्कच्या बाजूला हवे होते ४५ आणि मी घातले होते ३६. प्रत्येक दणक्याला ती धार बैठकीत जराशी रुतत होती, तेवढी जागा मोकळी होत होती आणि मी ती बोल्ट आवळून भरून काढत होतो. आणखी दोन-तीन शनिवार असे गेले असते तर बैठक कापली गेली असती. बैठक फोर्कचाच भाग, म्हणजे पूर्ण फोर्क बाद. पाच आकडी खर्च. आणि तो पैशांत निभावला तर! आईने बैठकीवरून नख फिरवलं. पुसट रेघ उमटली होती. "नख अडकत नाहीये. अजून चालेल. पण हे परत घालू नकोस."

मी जुन्या बेअरिंगचं रबरी सील टाचणीने उचकटलं. आतल्या कड्यावर गोळ्यांच्या अंतराअंतरावर बारीक खळगे. हँडल सरळ असताना प्रत्येक गोळी आपापल्या खळग्यात, म्हणून ती खोड. आई म्हणाली, "हे तर ब्रिनेलसारखं दिसतंय." त्यांच्याकडे फोर्जिंगचा लॉट आला की ती ब्रिनेल घ्यायची. दहा मिलिमीटरची गोळी तीन हजार किलोने दाबायची, खळगा पडतो त्याचा व्यास छोट्या दुर्बिणीतून वाचायचा, तक्त्यात बघायचं. स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० साली मांडलेली चाचणी. मी तिचं सूत्र परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. खळगा कधी वाचला नव्हता. बेअरिंगच्या या दुखण्याला इंग्रजीत ब्रिनेलिंगच म्हणतात, आणि गंमत म्हणजे 'द बायसिकल व्हील' (१९८१) लिहिणारे जोब्स्ट ब्रँट यांचं म्हणणं असं होतं की हेडसेटमधले खळगे बहुतेक वेळा दणक्यांनी पडतच नाहीत. सरळ जाताना गोळ्या जागच्या जागी किंचित डुलत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सारलं जातं आणि धातूवर धातू घासून झीज होते. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. आम्ही नुसते मोजायचो. कशाने पडले ते वरचे लोक सांगायचे."

४५×४५ मागवलं. आल्यावर आधी काजळ लावून बघितलं. पूर्ण पट्टा! मग बैठकीवर ग्रीस, बाहेरून ग्रीस, वरचा बोल्ट खडखड थांबेल इतपतच आवळून मग स्टेमचे बोल्ट घट्ट. हाच क्रम ठेवायचा, कारण वरच्या बोल्टचं काम फक्त खेळ काढायचं, धरून ठेवायचं काम स्टेमचं. त्या गोष्टीला आता सहाशेच्या वर किलोमीटर झाले. कामशेतची खिंड चार वेळा उतरलो. परत आवळावं लागलेलं नाही.

तर मंडळी, हेडसेटचं बेअरिंग घेताना तीन मापांवर जाऊ नका. ५२, ४०, ७ या एकाच मापाची तीन वेगवेगळी बेअरिंग माझ्या हातातून गेली आणि त्यातलं एकच माझ्या सायकलचं होतं. दोन्ही कोन वाचा, पुसले असतील तर काजळ आहेच.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा फॉर्म मीच भरला होता. वडील तेव्हा नुकतेच एसटीतून रिटायर झाले होते. त्यांच्या रकान्यात मी 'निवृत्त वाहतूक नियंत्रक' असं झोकात लिहिलं होतं. आईच्या रकान्यात 'गृहिणी'. खोटं काहीच नव्हतं त्यात. आणि चार वर्षं मी मेट्रॉलॉजी, क्वालिटी कंट्रोल वगैरे विषय घरी मोठ्याने पाठ करत होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत होती. एकदाही मध्ये बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

परवा तिला हे बोललो तर म्हणाली, "तुझं ते मोठं शिक्षण. मी काय, गेज लावून पास-नापास करणारी." असो.

त्या दिवशी व्हर्नियर पुसून, तेलाचं फडकं गुंडाळून तिने परत ड्रॉवरमध्ये ठेवला. ३६×४५ वाल्या बेअरिंगवर बहिणीच्या लाल नेलपेंटचा ठिपका दिला. रिजेक्शनला लाल लावायचं, म्हणजे चुकून परत चांगल्या मालात जात नाही. बेअरिंग वाईट नाही, दुसऱ्या कुठल्या सायकलला छान बसेल. पण लाल ठिपक्यासकट ते आता ऑफिसात माझ्या टेबलवर असतं. कुणी विचारलं की सांगतो, आईने रिजेक्ट केलंय.