चांथाबुरीच्या वाटेवरची शाळा

थायलंडला महिनाभर राहून आलो, असे म्हटले की समोरचा माणूस किंचित हसतो. आपल्या समाजातील मंडळींना बँकॉक परिचित आहे ते रत्नांच्या व्यापारामुळे आणि कापडामुळे. इतरांना ते पटाया आणि फुकेतच्या सहलींमुळे. मी मात्र गेलो होतो देशाच्या पूर्वेकडील एका लहानशा गावात, जेथे पर्यटक सहसा उतरतही नाहीत. माझी पुतणी तेथील एका खासगी शाळेत इंग्रजीची शिक्षिका होती. २०२४ च्या जानेवारीत भारतीयांना तीस दिवस व्हिसाविना प्रवेश मिळत असल्याने मी आणि माझी पत्नी तिच्याकडे गेलो.

बँकॉकच्या एक्कामाई स्थानकावरून पूर्वेकडे जाणाऱ्या बसगाड्या सुटतात. शहराची गर्दी आणि कारखान्यांचा पट्टा ओलांडला की दुतर्फा फळबागा लागतात. ड्युरियन, रांबुतान आणि मँगोस्टीन यांचा हा प्रांत. हंगाम मे-जूनचा, त्यामुळे आम्हाला झाडेच तेवढी दिसली. चांथाबुरी हे येथील मुख्य शहर. नावाचा अर्थ चंद्राची नगरी, म्हणजे आपली चंद्रपुरीच. थाई भाषेत अशी आपली शब्दसंपदा पदोपदी भेटते. शिक्षकाला तेथे ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरू. महाविद्यालयातील अध्यापक ‘आचान’, तो आचार्य. गोऱ्या माणसाला ‘फारांग’ म्हणतात, आणि फिरंगी हा शब्द आपल्याला नवा नाही. भारतीय माणसाला ‘खेक’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. अर्थ चांगला असला तरी तो शब्द नेहमीच पाहुण्याच्या आदराने उच्चारला जात नाही, असे पुतणीने हसत सांगितले.

गावातील दरपत्रके आणि पावत्या यांवर वर्ष होते २५६७. हा बुद्धशक. त्याच वेळी आपल्याकडे वीरनिर्वाण संवत् २५५० चालू होते. दोन परंपरांच्या कालगणनेत अवघे सतरा वर्षांचे अंतर! परदेशात आहोत ही भावना त्या एका आकड्याने माझ्या मनातून बरीच ओसरली.

आहाराची चिंता आमच्या पत्नीला अधिक होती. शाकाहाराला तेथे ‘मांगसाविरात’ म्हणतात, म्हणजे शुद्ध मांसविरती. परंतु नुसता हा शब्द उच्चारून भागत नाही, कारण माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ नावाचा रस भाजीतही सहज ओतला जातो. त्याहून उपयोगी शब्द आहे ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. ‘जे’ आहारात मांस, मासे, अंडी नसतात, इतकेच नव्हे तर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. चिनी वंशाच्या थाई लोकांची ही परंपरा. कंदमुळे मात्र त्यात चालतात, तेव्हा मुळा आणि बटाटा आपण बाजूला काढावा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे आम्हाला अवघड गेले नाही, कारण गावातील बहुतेक लोक लवकरच जेवतात.

आता शाळेविषयी. तीन मजली इमारत, समोर ध्वजस्तंभ, प्रवेशद्वारावर एक भला मोठा फलक. फलकावर सोनेरी केसांची एक हसतमुख गोरी स्त्री मुलांना शिकवत आहे. अशी कोणतीही स्त्री त्या शाळेत नव्हती. परदेशी शिक्षक सहा. त्यांत चार फिलिपिनो, एक इंग्रज आणि आमची पुतणी. इंग्रज गृहस्थांना हिच्या दीडपट वेतन होते आणि फिलिपिनो शिक्षकांना हिच्याहूनही कमी, वास्तविक त्यांतील दोघींचा अनुभव सर्वांत जास्त होता. कोणी किती चांगले शिकवतो यापेक्षा कोणाच्या हाती कोणत्या देशाचे पारपत्र आहे, यावर थायलंडच्या अनेक खासगी शाळांत वेतन ठरते. पालक शुल्क भरतात ते त्या फलकाकडे पाहून.

पुतणी पुण्याची, एम.ए., बी.एड. येथील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिने चार वर्षे काढली. तेथे सही एका रकमेवर होत असे आणि हाती दुसरी रक्कम पडत असे. ही प्रथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. काहींना ती संस्थाचालक या नात्याने ठाऊक असेल, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. तिने टोइक परीक्षेत आवश्यक ६०० गुणांहून बरेच अधिक मिळवले आणि महिना २५,००० बाटच्या नोकरीवर ती २०२३ च्या मे महिन्यात रुजू झाली. त्या वेळच्या दराने ही रक्कम अठ्ठावन्न हजार रुपयांच्या आसपास होते.

सकाळी साडेसातपूर्वी यंत्रावर अंगठा. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला पाच बाट दंड. आठ वाजता राष्ट्रगीत, तेव्हा शाळाच नव्हे तर रस्त्यावरची माणसेही जागच्या जागी उभी राहतात. आठवड्याला चोवीस तास. पाठाच्या छायाप्रती महिन्याला शंभर, त्यापुढच्या स्वतःच्या खर्चाने. फळ्यावर लिहिण्याचे पेन दोन. रिकामे परत केल्यावरच नवे मिळते. वर्गातील वातानुकूलन यंत्र दहा वाजल्यानंतर सुरू होई आणि त्याचा दूरनियंत्रक कार्यालयातील कपाटात कुलुपात असे. शनिवारचे इंग्रजी शिबिर ‘स्वेच्छेचे’, पण न जाणाऱ्याची नोंद होई. मी आयुष्यभर काटकसर करणाऱ्या घरात वाढलो. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडणे मला आजही आवडते. त्यामुळे पेनांविषयी मला तक्रार वाटली नाही. परंतु काटकसर करणारा आधी स्वतःचा खर्च कमी करतो. येथे संस्थाचालक बाईंची नवी मोटार फलकाच्या अगदी खाली उभी असे.

एका संध्याकाळी मी पुतणीला म्हटले, “तुझा करार दाखव पाहू.”

“काका, तुम्ही निवृत्त झालात ना?” ती म्हणाली; पण तिने कागद आणून दिले.

बँकेत छत्तीस वर्षे कर्जाचे कागद वाचलेल्या माणसाला करार वाचताना एक प्रकारचा आनंद होतो, हे मान्य केले पाहिजे. करार इंग्रजी आणि थाई अशा दोन भाषांत होता आणि मतभेद झाल्यास थाई मसुदा ग्राह्य धरावा, असे शेवटच्या ओळीत म्हटले होते. मुदत मे ते फेब्रुवारी, दहा महिने. म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुटीचे वेतन नाही. मुलाखतीत “व्हिसा आणि काम करण्याचा परवाना शाळा उपलब्ध करून देईल” असे सांगितले होते. शाळेने कागद दिले होते हे खरे. परवान्याचे ३,००० आणि मुदतवाढीचे १,९०० बाट शुल्क मात्र पुतणीच्या खिशातून गेले. पहिल्या चार महिन्यांत दरमहा २,५०० बाट ‘अनामत’ कापली होती, ती करार पूर्ण झाल्यावर परत मिळणार होती. आणि दरमहा तीन टक्के, म्हणजे ७५० बाट, आयकर म्हणून कापले जात होते.

या शेवटच्या ओळीवर मी थांबलो.

थायलंडची आयकराची पद्धत समजण्यास सोपी आहे. कर कॅलेंडर वर्षावर मोजतात. वेतनाच्या निम्मी रक्कम, कमाल १,००,००० बाट, खर्चापोटी वजा होते. त्यानंतर व्यक्तिगत सवलत ६०,००० बाट. उरलेल्या उत्पन्नातील पहिल्या १,५०,००० बाटवर कर नाही. पुतणीचे २०२३ मधील आठ महिन्यांचे वेतन २,००,००० बाट. त्यातून १,००,००० आणि ६०,००० वजा केल्यास उरतात ४०,०००. कर शून्य. आणि कापले गेले होते ६,००० बाट. कर सरकारकडे भरला असेल तर मार्चअखेरपर्यंत विवरणपत्र दाखल करून तो परत मिळवता येतो. त्यासाठी नोकरी देणाऱ्याने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्राला तेथे ‘हासिप थवी’ म्हणतात. हासिप म्हणजे पन्नास आणि थवी म्हणजे आपले संस्कृत ‘द्वि’. कायद्याचे कलम पन्नास-द्वि. आपल्या फॉर्म १६ सारखाच हा प्रकार. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते देणे शाळेवर बंधनकारक असते.

“मागितलेस का?” मी विचारले.

“कोणीच मागत नाही, काका.”

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. परदेशी शिक्षकाच्या परवान्याच्या तेव्हाच्या निळ्या पुस्तिकेत नोकरी देणाऱ्याचे नाव लिहिलेले असे. नोकरी गेली की परवाना गेला आणि त्याच्या आधाराने मिळालेली राहण्याची मुदतही गेली. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवावा लागतो. दुसऱ्या शाळेत जायचे तर पहिल्या शाळेचे पत्र हवे. त्यातच खासगी शाळांतील शिक्षक सर्वसाधारण कामगार संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. त्यांच्यासाठी २००७ चा खासगी शाळांचा वेगळा कायदा आहे, जो परक्या तरुण मुलीने केव्हा वाचावा? वर थाई समाजाचा एक संस्कार आहे, ‘क्रेंग चाय’. दुसऱ्याला संकोच वाटेल, विशेषतः वडीलधाऱ्याला, असे काही बोलू नये. हा गुण मला फार आवडला; पण ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याला तो किती सोयीचा पडतो, हेही ध्यानात आले. पुतणीला एका मोठ्या शाळेत पुढील वर्षासाठी बोलावणे आले होते. सोडचिठ्ठीचे पत्र अडले असते तर ती नोकरीही गेली असती. सहा हजार बाटसाठी हा धोका पत्करावा का, यावर आम्ही तिघे दोन रात्री बोलत होतो. माझी पत्नी म्हणाली, “पैसे जाऊ द्यात, पोरीचे पत्र महत्त्वाचे.” निर्णय पुतणीने घेतला. मागायचे ते लेखी, सौम्य शब्दांत, आणि केवळ प्रमाणपत्र. परताव्याचा उल्लेखही करायचा नाही.

मधल्या शनिवारी आम्ही चांथाबुरीचा रत्नांचा बाजार पाहिला. शुक्रवार ते रविवार तो भरतो. आपल्याकडे व्यापारी माल मांडून बसतो आणि ग्राहक फिरतो. येथे ग्राहक टेबल भाड्याने घेऊन बसतो आणि दलाल पुड्या घेऊन त्याच्यापाशी येतात. माणिक आणि नीलम यांना उष्णता देऊन रंग खुलवण्याच्या कामात हे शहर जगात नावाजलेले आहे. स्थानिक खाणी आता फारशा उरल्या नाहीत. कच्चा माल आफ्रिका, श्रीलंका, म्यानमार येथून येतो. जयपूरचे एक जैन व्यापारी तेथे बसले होते. त्यांनी आग्रहाने आम्हाला आपल्या खोलीवर नेऊन मुगाची डाळ आणि फुलके खाऊ घातले. पुतणीची हकीकत ऐकून ते म्हणाले, “या बाजारात लाखांचा माल शब्दावर हातातून हातात जातो. ज्याने एकदा पैसे अडवले, त्याच्या टेबलापाशी पुढच्या शुक्रवारी दलाल येत नाही.” शाळेला असा शुक्रवार नसतो, एवढेच मी मनात म्हटले. दर मे महिन्यात नवे शिक्षक येतच असतात.

पुतणीने मला गतवर्षीच्या जूनमधील एक छायाचित्रही दाखवले होते. त्या महिन्यात थाई शाळांत ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळा होतो, बहुधा गुरुवारी. विद्यार्थी गुडघ्यांवर येऊन शिक्षकांना वंदन करतात आणि फुलांची रचना अर्पण करतात. त्यात दूर्वा असतात, त्या सहज पसरतात म्हणून. एक्झोराच्या टोकदार कळ्या असतात, बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून. आणि वांग्याचे फूल असते, कारण ते खाली झुकते. छायाचित्रात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुतणीसमोर वाकली आहे आणि पुतणीचे डोळे भरलेले आहेत. “या मुलांसाठी मी येथे आणखी दहा वर्षे राहीन,” ती म्हणाली. तो तिचा आवेश होता असे मला वाटत नाही.

विनंतीपत्र दिल्यानंतर आठ दिवस काही घडले नाही. नवव्या दिवशी शाळेच्या लेखापाल बाईंनी, ज्या कधी मोठ्याने बोलत नसत, पुतणीच्या हातात एक बंद पाकीट ठेवले. प्रमाणपत्रात उत्पन्न २,००,००० बाट बरोबर लिहिले होते. कापलेल्या कराच्या रकान्यात होते शून्य.

सरकारकडे काहीच भरलेले नव्हते. आता प्रश्न कर विभागाचा उरला नव्हता. शाळेच्याच सही-शिक्क्याचा कागद आणि दरमहाच्या वेतनचिठ्ठ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. खोटा आकडा लिहिण्यास त्या लेखापाल बाईंनी नकार दिला असावा, असा माझा अंदाज आहे. हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसऱ्या टेबलावरचा असा नकार ओळखता येतो. मी त्यांना दुरूनच हात जोडले.

पुतणीने दोन्ही कागद घेऊन संस्थाचालक बाईंची भेट घेतली. सोबत फिलिपिनो शिक्षिकांपैकी दोघी होत्या. मी गेलो नाही. पाहुण्या काकाने मध्ये पडणे तिला नको होते आणि तिचे बरोबर होते. बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, की ती रक्कम ‘प्रशासकीय खर्चा’ची होती आणि चिठ्ठीवर चुकून कर असे छापले गेले. ज्यांना हवी असेल त्यांना ती परत मिळेल. पाच जणांनी मागितली. इंग्रज गृहस्थांनी मागितली नाही, का ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो. कापलेली रक्कम पुतणीला दोन हप्त्यांत मिळाली, शाळा सोडल्याचे पत्रही मिळाले. अनामतीच्या १०,००० बाटमधून उशिराचे दंड आणि जादा छायाप्रती वजा होऊन ८,३१५ हाती आले. मे महिन्यापासून ती नव्या शाळेत आहे. तेथील करार तिने सही करण्यापूर्वी मला पाठवला होता. तो बारा महिन्यांचा आहे, आणि परवान्याचे शुल्क कोण भरणार ते त्यात आकड्यासह लिहिले आहे.